गाडी बघून माणूस जोखतात. आता गाडी बदलू का?

कळंबा_तलाव (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. रविवारची गोष्ट आहे. डोकं शांत व्हायला दोन दिवस लागले.

आमच्याकडं २००९ ची अल्टो आहे. वडील एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत, उभी नोकरी हातात पाना धरून केली. त्यामुळं गाडीचं सगळं तेच बघतात. २०२४ ला पंधरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा पर्यावरण कर भरून पुढच्या पाच वर्षांचं पासिंग करून आणलं. तपासणीच्या वेळी साहेबांनी बॉनेट उघडलं आणि विचारलं, "कुणी ठेवलीय हो एवढी स्वच्छ?" त्या दिवशी वडील घरी येऊन दोनदा चहा प्याले.

तर रविवारी मामेभावाचं लग्न होतं, हायवेकडच्या एका लॉनवर. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन गणपतीनंतर झालंय, अजून काठी सुटलेली नाही. गेटवर पोचलो तर तिथल्या माणसानं हात आडवा केला. "ही पलीकडच्या मैदानात लावा." आत जागा होती, मला समोर दिसत होती. म्हटलं, आईला मांडवापाशी उतरवतो आणि गाडी काढून नेतो. तर "मागं गाड्या थांबल्यात, चला चला." मागं पांढरी फॉर्च्युनर होती. तिला त्याच माणसानं सलाम करून मांडवाच्या तोंडापर्यंत नेलं. त्यातून तीन तरणेताठे पुरुष उतरले. माझी आई माझा दंड धरून खडीतून चालत आली. मध्ये दोनदा थांबली.

वडील काही बोलले नाहीत. अक्षता पडल्या, पंगतीत मामा शेजारी बसले आणि म्हणाले, "धाकट्याला स्थळं बघताय आणि दारात ही गाडी? मुलीकडचे उंबऱ्याच्या आत यायच्या आधी गाडी बघतात."

धाकटा पुण्यात नोकरीला आहे. त्यानं रात्रीच सांगून टाकलं, मोठी गाडी घ्यायची. त्यानं निवडलेली गाडी रस्त्यावर येईपर्यंत चौदा लाखांना पडते. हातात चार लाख आहेत, दहा लाखांचं कर्ज, सात वर्षं. माझ्या मनात आठ लाखांपर्यंतची साधी गाडी होती. मी उद्यमनगरात एका मशीनशॉपला हिशेब बघतो, त्यामुळं आकडे मला कळतात. पण आईचं ते थांबत थांबत चालणं डोळ्यासमोरून जात नाही, आणि तिथं आकडे चालत नाहीत. तुम्ही काय केलं असतं?


उद्यमनगर_लेथ

भावा, वाचून जीव तुटला. त्या गेटवाल्याला मी तिथंच जाब विचारला असता. माझं मत स्पष्ट हाय, घ्या मोठी गाडी. कोल्हापुरात माणूस कपड्यावरनं कळत न्हाई, कोट्यधीश पायजमा-टोपीत फिरतोय. गाडीवरनंच कळतंय. जग असंच हाय तर आईला कशापायी चालवायचं?


ताराराणी_चौक

गाडी एक वेळ सोडा, नंबरही बघतात. आमच्या ऑफिसच्या खाली ४१४१, ४९१२, २१४ अशा तीन गाड्या उभ्या असतात. दादा, पवार आणि राम. या पसंतीच्या नंबरांचे दर सरकारनं २०२४ मध्ये वाढवले, एक नंबर हवा तर आता कित्येक लाख भरायचे. एका सद्गृहस्थांनी दुचाकीच्या किमतीएवढे पैसे नुसत्या नंबराला मोजलेले मी पाहिलेत. आता एचएसआरपी, म्हणजे ठरावीक साच्याच्या सुरक्षा पाट्या सक्तीच्या झाल्या, तेव्हा आकड्यांना वळण देऊन 'दादा' लिहिणं बंद झालं. तरी नंबर घेणारे घेतातच.


हप्त्यांचा_हिशेब

बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर अकरा वर्षं आहे. भावनेचं बाजूला ठेवून आधी आकडे मांडतो, मग बोलू.

दहा लाख, ९ टक्के, सात वर्षं धरली तर हप्ता १६,०८९ रुपये. शेवटी भरलेली रक्कम साडेतेरा लाखांच्या वर जाते, म्हणजे व्याजच साधारण ३ लाख ५१ हजार. तुमच्या पर्यायात चार लाख, पाच वर्षं, त्याच दरानं हप्ता ८,३०३ आणि व्याज ९८ हजार. नुसत्या व्याजातला फरक अडीच लाखांचा आहे. आईच्या दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन त्यात होऊन जाईल. (दुसराही करायचाय का? आमच्या आईचे दोन्ही करावे लागले.)

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तर ही सवलत मिळते, डिझेलला १५०० सीसीची मर्यादा. तुमच्या आठ लाखांत त्याआधीपेक्षा बरी गाडी येईल.

आता टेबलापलीकडचं सांगतो. कर्ज मागायला येणारे शंभरातले कितीतरी लोक आधी एक गाडी ठरवून येतात आणि घरच्या एखाद्या समारंभानंतर दुसरीच घेतात. साखरपुडा, वास्तुशांत, मेव्हण्याची नवी गाडी. पाच वर्षांचा हप्ता झेपत नाही म्हणून सात वर्षांचा करून द्या म्हणतात. मी करून देतो, माझं काम आहे ते. पण चौथ्या वर्षी तीच माणसं गाडी विकायला निघतात, तेव्हा शिल्लक कर्ज गाडीच्या किमतीपेक्षा जास्त निघतं. त्यांचे चेहरे बघायचे तर माझ्या टेबलावर येऊन बसा. दारातली गाडी सगळ्यांना दिसते, हप्ता फक्त मला आणि त्यांच्या बायकोला माहीत असतो.


चैत्रगौर

दादा, आधी आईंना नमस्कार सांगा आणि गुडघ्याचे व्यायाम सोडू देऊ नका.

मी मुलीकडची बाजू सांगते. तीन वर्षांपूर्वी आम्ही धाकट्या बहिणीसाठी स्थळं बघत होतो. गाडी बघतात हे खरं आहे, आम्हीही बघितली, खोटं कशाला बोलू. गडहिंग्लजकडच्या एका स्थळाच्या दारात नवी कोरी एसयूव्ही होती आणि बाबांना ते घर फार आवडलं. बहिणीनं मुलाला एकट्याला गाठून विचारलं, गाडी कुणाच्या नावावर आहे आणि हप्ता कोण भरतं? तो गडबडला. वडिलांनी जमिनीवर कर्ज काढलं होतं, लग्न ठरेपर्यंत दारात दिसावी म्हणून. तिनं नकार दिला. तिला गाडीबद्दल राग नव्हता. ज्या घरात लग्नाआधीच दाखवायला कर्ज काढतात, तिथं आपल्याला आयुष्यभर दाखवतच बसावं लागेल, असं तिचं म्हणणं. आता ती ज्या घरात आहे तिथं सासऱ्यांची जुनी सँट्रो होती. ती चालवायला तिलाच शिकवली त्यांनी.

आणखी एक गोष्ट या चर्चेत कुणी आणली नाही म्हणून सांगते. गाडी मोठी की छोटी हे पुरुषांचं झालं. आमच्याकडं प्रश्न वेगळा असतो, चालवतं कोण? मी स्वतः बारा वर्षं गाडी चालवते, माझ्या पगारातून घेतली. तरी सर्व्हिसिंगला गेलं की माणूस माझ्या खांद्यावरून मागं बघून विचारतो, "साहेब आले नाहीत का?" माझ्यासोबत काम करणाऱ्या कित्येकींच्या दारात पंधरा-वीस लाखांची गाडी उभी आहे आणि त्या पावसात रिक्षाची वाट बघत उभ्या असतात, कारण किल्ली त्यांच्या हातात कुणी दिलेली नाही. घरात नवी गाडी आली की समाज घराला मान देतो, बाईचा दर्जा मात्र किल्ली मिळाली तरच बदलतो. आमच्या वहिनी, म्हणजे तुमच्या सौ., चालवतात का? नसतील तर आधी ते करा, एवढी विनंती.


शिरोळचा_ऊस

राम राम. तोड चालू हाय, रात्री लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्याकडं स्कॉर्पिओ हाय. पहिल्या धन्याकडनं साडेचार लाखाला घेतलेली. अन् उपयोग होतो, मी नाकारणार न्हाई. कारखान्याच्या मीटिंगला मोटरसायकलवर जात होतो तवा मागच्या रांगेत बसवायचे. स्कॉर्पिओतनं उतरलो तसं "या पाटील, पुढं बसा." माणूस तोच, ऊस तेवढाच. तालुक्याच्या कचेरीतबी शिपाई खुर्ची देतो. हे सगळं मी भोगलंय, म्हणून कळंबेकरांच्या मनात काय चाललंय मला कळतंय.

पण २०१९ चा ऑगस्ट सांगतो. कृष्णा अन् पंचगंगा दोन्ही बाजूनं चढल्या. हायवे शिरोलीपाशी पाण्याखाली गेला, आमचा तालुका तर बेटच झाला. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटाला हाय, त्या वर्षी पाणी त्याच्या दहा-बारा फूट वर गेलं. माझी स्कॉर्पिओ शेडात स्टेअरिंगपतोर बुडाली. गल्लीतल्या तीन चांगल्या गाड्या तशाच. त्या रात्री ज्याचा ट्रॅक्टर होता त्याच्याच दारात सगळं गाव हात जोडून उभं. तो पोरगा आमच्या वस्तीवरचा, दुसऱ्याच्या शेतात नांगरट करून पोट भरणारा, एरवी त्याला कोण चहा विचारत नव्हतं. सकाळपतोर त्यानं ट्रॉलीतनं म्हातारी माणसं, बाळंतिणी, जनावरं काढली. डिझेल संपलं तवा आम्ही आमच्या बुडत्या गाड्यांच्या टाकीतनं काढून दिलं. २०२१ ला पुन्हा तेच.

आता गावच्या कुठल्याबी कार्यात तो पोरगा आला की लोक उठून जागा देतात. ट्रॅक्टर जुनाच हाय त्याचा.

तुम्ही कुठली गाडी घ्यावी हे मी सांगत न्हाई. एवढंच सांगतो की स्कॉर्पिओनं मला पुढची खुर्ची दिली, पण माझं बोलणं कोण ऐकतंय का हे त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. लई ऐकत न्हाईत.


निळी_पहाट

थोडं वेगळं बोलणार आहे. इथं सगळे "कशाला मोठी गाडी" या बाजूला चाललेत म्हणून.

माझे आजोबा गावात सायकल चालवायचे, पण वाड्यासमोर आलं की खाली उतरून सायकल हातात धरून चालत जायचे. चढ नव्हता तिथं. सपाट रस्ता होता. माझ्या वडिलांनी हे लहानपणी बघितलंय, आणि त्यांनी मला ती जागा दाखवलीय. मी बांधकामाची कंत्राटं घेतो. चार वर्षांपूर्वी पांढरी मोठी गाडी घेतली तेव्हा पहिली फेरी वडिलांना बसवून त्या वाड्यासमोरून मारली. वेग कमी केला, काच खाली केली. वडील काही बोलले नाहीत, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसले. त्या एका फेरीसाठी मी सात वर्षं हप्ता भरेन आणि मला एका दिवसाचाही पश्चात्ताप होणार नाही.

ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मान होता त्यांना जुनी अल्टो चालवून साधेपणा मिरवता येतो. लोक म्हणतात, बघा किती साधा माणूस. मी जुन्या अल्टोतून उतरलो असतो तर कुणी साधा म्हटलं नसतं, "यांची ऐपत एवढीच" म्हटलं असतं. म्हणून मोठ्या गाडीला सरसकट दिखावा म्हणू नका. कुणासाठी तो दिखावा असेल, आमच्यासाठी ती ताठ मान आहे.

कळंबेकर, हे तुमच्यावर नाही. तुमच्या आईबद्दल वाचून मलाही वाईट वाटलं. तुमच्या वडिलांच्या हातात पाना होता, माझ्या वडिलांच्या हातात घमेलं.


जुनी_पेठ

निळी पहाट, बाळा, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. मी मंगळवार पेठेतला, वय वर्षं चौऱ्याहत्तर. तुझं म्हणणं मान्य आहे आणि त्याला धरूनच एक गोष्ट सांगतो, या गावचीच आहे.

शाहू महाराजांचा 'खडखडा' तुम्ही ऐकला असेल, घोड्यांची गाडी. राजा त्या खडखडाटात बसून हिंडायचा. दलित समाजातले गंगाराम कांबळे महाराजांच्या पागेत नोकरीला होते. पाण्याला शिवल्याच्या रागातून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, वर गंगाराम कांबळ्यांना भाऊसिंगजी रोडवर चहाचं दुकान घालून दिलं, 'सत्यसुधारक'. लोक तिथं चहा प्यायला तयार होईनात. तेव्हा महाराज आपली गाडी त्या दुकानासमोर थांबवून चहा मागवायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही तो प्यायला लावायचे. राजाची गाडी दारात उभी राहिल्यावर त्या दुकानाला नावं ठेवायची कुणाची छाती होती? गाडीनं मान मिळतो हे आपल्या राजालाही ठाऊक होतं. त्यानं तो मान दुसऱ्याच्या दारात नेऊन उभा केला.

आजही दसऱ्याला छत्रपती घराणं जुन्या मेबॅकमधून दसरा चौकात येतं. सोनं लुटायला जमलेली हजारो माणसं ती गाडी डोळे भरून बघतात. पण कुणाच्या मनात येत नाही की अशी आपल्या दारात हवी. ती सगळ्या गावाची गाडी वाटते.

आमच्या लहानपणी पेठेत एकच फियाट होती, डॉक्टरांची. तेव्हा फियाट काय आणि अँबॅसिडर काय, नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, पैसे असून गाडी मिळत नसे. ती फियाट रात्री दोनला सुरू झाल्याचा आवाज आला की आई म्हणायची, कुणाचं तरी दुखणं आहे. पेठेतली निम्मी बाळं त्या गाडीच्या मागच्या सीटवरून दवाखान्यात गेली असतील. डॉक्टरांना मान होता, फियाटलाही होता. आम्ही पोरं तिला हात लावून पाया पडायचो. मग १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, पन्नास हजारांच्या आत. हळूहळू शिक्षकाच्या, कारकुनाच्या दारात गाडी उभी राहिली. मला तो काळ आनंदाचा वाटतो. गाडी म्हणजे श्रीमंती ही समजूत तेव्हा मोडू लागली होती. पुढं गाड्यांचे इतके प्रकार आले की आता गाडी आहे एवढं पुरत नाही, कुठली आहे ते सांगावं लागतं.

त्याही आधी मान कशाला होता सांगू? म्हशीला. दिवाळीच्या पाडव्याला गवळी मंडळी म्हशी सजवून रस्त्यावर आणतात, मालकाच्या मोटरसायकलमागं म्हैस पळते, ते तुम्ही आजही बघता. अख्खी पेठ त्या म्हशीची तुकतुकी बघून मालक किती कष्टाळू ते ठरवायची. चमक हप्त्यावर आणता येत नव्हती. रोज पहाटे उठून चोळावी लागायची. कळंबेकर, तुमच्या वडिलांच्या अल्टोचं बॉनेट उघडल्यावर आरटीओच्या साहेबांना जे दिसलं ते हेच.


वर्गातली_बाई

महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. या विषयावरचा एक जुना प्रयोग दरवर्षी वर्गात सांगते, इथं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१९६८ मध्ये अँथनी डूब आणि अ‍ॅलन ग्रॉस या दोन संशोधकांनी कॅलिफोर्नियात एक साधी युक्ती केली. सिग्नल हिरवा झाला तरी पुढची गाडी मुद्दाम हलवायची नाही, आणि मागचा माणूस किती वेळात हॉर्न वाजवतो ते मोजायचं. कधी पुढं महागडी चकचकीत क्रायस्लर, कधी जुनाट गाडी. जुनाट गाडीमागच्या शंभरातल्या ८४ जणांनी हॉर्न वाजवला, महाग गाडीमागं मात्र निम्म्यांनीच. मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. त्याच संशोधकांनी विद्यार्थ्यांना नुसतं कागदावर विचारलं, तुम्ही काय कराल? तेव्हा मुलगे म्हणाले, आम्ही महाग गाडीमागं लवकर हॉर्न वाजवू. म्हणजे आपण गाडीला घाबरतो हे आपलं आपल्यालाच कळत नाही.

दाभोळकर कॉर्नरला सिग्नलवर मी स्वतःवर लक्ष ठेवून बघितलं. पुढं रिक्षा असेल तर माझा हात लगेच हॉर्नवर जातो. आता मी तो हात आवरते. सोपं नाही ते.


वडाप_७ऱ्या_सीटवर

माझे वडील वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी जीप चालवायचे, आधी कमांडर, मग ट्रॅक्स. राधानगरी रोडला. तेरा-चौदा माणसं, वर टपावर पोती. आमच्या दारात चारचाकी होती पण शाळेत मला "वडापवाल्याचा" म्हणायचे. म्हणजे नुसती गाडी असून भागत नाही, ती धंद्याची की हौसेची तेही बघतात. पिवळी पाटी आणि पांढरी पाटी यांत केवढं अंतर आहे ते मी लहानपणी शिकलो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या शंभरातल्या जेमतेम आठ घरांत चारचाकी होती. बाकीची ब्याण्णव घरं वडापच्या सातव्या सीटवर आहेत. त्या लॉनवर पायी आणि एसटीनं आलेली माणसंही असतील, त्यांना तर गेटवर कुणी अडवायच्या लायकीचंही समजलं नसेल. त्यांच्याही म्हाताऱ्या आया असतील. कळंबेकर, तुमचं दुखणं खरं आहे, फक्त ही माणसं धाग्यातून निसटू नयेत म्हणून लिहिलं.


नॅनोवाली_गल्ली

रतन टाटांनी २००८ च्या जानेवारीत दिल्लीत नॅनो दाखवली तेव्हा मी घरच्यांसोबत टीव्हीसमोर बसून टाळ्या वाजवल्या होत्या. स्कूटरवर चौघं भिजत जाणारं कुटुंब बघून त्यांना ती कल्पना सुचली होती, आणि ते कुटुंब म्हणजे आम्हीच होतो. आम्ही नॅनो घेतली. पावसात कोरडं राहणं म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं. पण बाहेर सगळे "लाखाची गाडी" म्हणायचे. पुढं टाटांनी स्वतःच कबूल केलं की 'सर्वात स्वस्त गाडी' हा शिक्का तिला नडला. २०१८ ला ती बंद पडली. गाडी चांगली होती हो. तिच्यात बसलेलं दिसणं लोकांना नको होतं.


शिरोली_फौंड्री

उशिरा आलो, तिसरी पाळी होती. दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली. तुम्ही सगळे ज्या गाड्यांबद्दल बोलताय त्यांचं बीडकाम आपल्याकडं होतं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल. देशातल्या मोठमोठ्या वाहन कंपन्यांचं कास्टिंग कोल्हापुरातनं जातं. मी फेटलिंगला आहे, ओतलेल्या मालाच्या कडा घासायच्या. आज रात्री माझ्या हाताखालनं जे गेलं ते कुठल्या तरी मोठ्या गाडीत बसेल आणि ती गाडी मला हॉर्न देत पुढं जाईल. मी स्प्लेंडरवर येतो, माझ्यासोबतचे दोघं सायकलवर. वाईट वाटून घेऊन सांगत नाही. रस्त्यात मोठी गाडी बघितली की मी पोराला सांगतो, ह्याच्यात आपलं काहीतरी आहे.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. माझा मेव्हणा अशाच एका लॉनवर गेटवर उभा असतो. तुमचा नाही, दुसरा. त्याला मालकानं पहिल्या दिवशीच सांगितलं, मोठ्या गाड्या दर्शनी लावायच्या, बारक्या मागं. कारण ड्रोनच्या फोटोत पुढं काय दिसतं त्यावर पुढची बुकिंग येते. एकदा त्यानं एका म्हातारीसाठी जुनी गाडी पुढं घेतली, त्या दिवशी अर्धा पगार कापला. तो माणूस वाईट नाही हो, त्याला उभं तसं केलंय. जाब विचारायचा तर लॉनच्या मालकाला विचारा. आणि खरं म्हणजे यजमानाला. कार्य ज्याच्या घरचं आहे त्यानं एक शब्द टाकला की म्हाताऱ्या माणसांची गाडी आधी आत जाईल.


उद्यमनगर_लेथ

फौंड्रीवाले, बरोबर बोलला. मी पहिल्या प्रतिसादात गेटवाल्यावर चिडलो ते मागं घेतो. मोठी गाडी घ्या म्हटलं त्यावर मात्र अजून ठाम हाय. निळी पहाटनं सांगितलं तेच खरं. गाडीशिवाय ऐकून घेत न्हाईत.


कळंबा_तलाव (धागाकर्ता)

दहा दिवसांनी लिहितोय, माफ करा. सगळे प्रतिसाद घरात मोठ्यानं वाचून दाखवले. निळी पहाट, तुमचा वाचताना वडिलांनी हात वर करून थांबवलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावला. त्यांनी निरोप दिलाय, कळंब्याकडं आलात तर चहाला या, आणि गाडी घेऊन या, बॉनेट उघडून बघायचंय.

मामांना फोन केला. लॉनबद्दल नाही, आईबद्दल बोललो. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझ्याच बहिणीला मी खडीतून चालत येताना बघितलं आणि गाडीबद्दल बोललो." पुढच्या कार्याला गेटवर घरातलाच एक माणूस उभा करायचं त्यांनी कबूल केलंय. पायी येणाऱ्यांसाठी सावलीत खुर्च्याही ठेवायच्या, हे वडापवाल्यांचं वाचून आईनं सुचवलं.

गाडीचं असं झालं. शनिवारी धाकटा आला. दोन-तीन शोरूम फिरलो. वडिलांनी खिशात मापाची पट्टी घेतली होती. प्रत्येक गाडीच्या सीटची जमिनीपासूनची उंची मोजून डायरीत लिहिली. धाकट्यानं निवडलेल्या गाडीत चढायला आईला पाय इतका उचलावा लागला की तिनं दाराचा कठडा धरून डोळे मिटले. अल्टोत उलटं होतं, उठताना त्रास. वॅगनआरची सीट तिच्या बरोबर मांडीच्या उंचीला आली. ती बसली, उतरली, पुन्हा बसली, आणि काठी बाहेरच विसरली. धाकट्यानं ते बघितलं. तो अजून नाराज आहे, खोटं सांगत नाही, येताना गाडीत एक शब्द बोलला नाही. पण बुकिंगच्या कागदावर दुसरी सही त्यानंच केली. कर्ज चार लाख, पाच वर्षं. पुढच्या रविवारी आजऱ्याकडची मंडळी त्याला बघायला येतायत, तोवर नवी गाडी यायची नाही. दारात अल्टोच असेल.

एक्स्चेंजला अल्टोचे जे पैसे सांगितले ते ऐकून वडील म्हणाले, विकायची नाही. मग ठेवून करायचं काय, यावर दोन दिवस घरात चर्चा चालली. चैत्रगौर ताई, तुमचा प्रतिसाद बायकोनं स्वतः वाचला होता. काल तिचं शिकाऊ लायसन्स आलं. वडिलांनी जुन्या पत्र्यावर लाल रंगात 'एल' काढून मागच्या काचेला लावलाय. उद्या सकाळी सहाला विद्यापीठाच्या रस्त्यावर पहिला धडा. शेजारच्या सीटवर वडील बसणार आहेत, मला मागं बसायला सांगितलंय.